मंगळावरची नारळाची झाडं

चाकूरच्या बसस्टँडवरून बाजाराकडं निघालात, तर मोहियोद्दीन पेंटरचं अक्षर चुकवून पुढं जायची सोय नाही. फ्लेक्सवाल्यांनी भल्याभल्या पेंटरांना घरी बसवलं, पण गिरणीच्या दारावर, दवाखान्याच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीच्या पोटावर अजून त्याचाच हात दिसतो. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषांत तो बोर्ड रंगवायचा. ओळ सरळ, वेलांटी डौलदार आणि अक्षराला मागून अशी सावली की अक्षर भिंतीतून बाहेर येऊन उभं राहिल्यासारखं वाटावं. लोक म्हणायचे, पेंटर, अक्षर मात्र देखणं हाय बरं का. हे वाक्य ऐकलं की पेंटरची मान आपोआप ताठ व्हायची.

आणि ह्या चारपैकी एकही भाषा त्याला वाचता येत नव्हती.

आता हे ऐकून कुणी म्हणेल, काहीतरीच सांगता राव. पण खरंच तसं होतं. तिसरीतून त्याची शाळा सुटली आणि बापानं त्याला नांदेडला बसवंत पेंटरच्या हाताखाली रंग कालवायला घातलं. उस्तादानं त्याला अक्षर शिकवलं ते चित्र म्हणून. कुठं पोट फुगवायचं, कुठं काठी ओढायची, कुठं ब्रश उचलायचा. किराणा, जनरल, हॉटेल असले शब्द हजारदा काढून काढून चेहऱ्यानं ओळखीचे झाले होते. पण कुणी कागदावर चार ओळी खरडून हातात दिल्या की त्याला त्यात नुसत्या मुंग्या दिसायच्या.

हे झाकायला त्यानं एक नियमच करून टाकला होता. गिऱ्हाईक मजकूर घेऊन आलं की तो गंभीर चेहरा करून म्हणायचा, "आधी एकदा वाचून दाखवा. मात्रा-वेलांटीची जबाबदारी तुमची, मंग मला बोलायचं न्हाई." गिऱ्हाइकाला वाटायचं, माणूस किती चोख आहे. वाचून दाखवलेलं सगळं त्याला एका ऐकण्यात पाठ व्हायचं, आणि अक्षरं तो कागदात बघून भिंतीवर चित्रासारखी उतरवायचा. तेवढ्यावर चाळीस वर्षं निघाली. बायकोला, गौसियाला, तेवढं ठाऊक होतं. ती उर्दू शाळेत शिकलेली, मराठी अक्षर तिलाही येत नसे, त्यामुळं तिचा ह्या कामी काही उपयोग नव्हता. लेक उमैमा उदगीरला दिलेली, फैजान पुण्याला नोकरीला. दोन्ही लेकरांच्या प्रगतिपुस्तकावर त्यानं दरवर्षी अशा झोकदार सह्या केल्या की बाप शिकलेला नाही, ही शंका त्यांच्या मनाला कधी शिवलीसुद्धा नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी त्याला एका शाळेच्या भिंती रंगवायचं काम मिळालं. चाकूरहून सात-आठ किलोमीटरवरचं खेडं, तिथली सातवीपर्यंतची शाळा. सुट्टी संपेल त्याच दिवशी सुंदर शाळेच्या स्पर्धेची समिती बघायला येणार होती. मुख्याध्यापक सिद्धेश्वर सरांना पाढे, फळं, भाज्या आणि नकाशा एवढं आलं की बास होतं. पण विज्ञान शिकवणाऱ्या महादेवी मॅडमनी पुढची लांब भिंत मागून घेतली होती. वयानं उमैमाएवढीच असेल बाई, निलंग्याची, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली.

"चाचा, ह्या भिंतीवर मंगळ काढायचा," त्या म्हणाल्या. "डावीकडं आताचा, कोरडा, तांबडा. आणि उजवीकडं साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा तिथं पाणी वाहत होतं, तळी होती, असं शास्त्रज्ञ म्हणतात. पोरांना बघता आलं पाहिजे, की असंही होतं एकदा. बाकी सगळं मी ह्यात लिहिलंय."

त्यांनी वहीचा घडी घातलेला कागद पुढं केला. पेंटरनं सवयीनं चेहरा गंभीर केला, एकदा वाचून दाखवा म्हणायला तोंडही उघडलं. तेवढ्यात फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मॅडमच्या खांद्याला पिशवी होती, निलंग्याला आई आजारी होती. "वाचाल ना चाचा? की सांगू?" त्यांनी पाय उचलता उचलता विचारलं. सांगा, एवढं म्हटलं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण लेकीच्या वयाची शिकलेली पोर विचारत होती आणि त्यानं मान डोलवली.

"हाव हाव, वाचतो की. तुम्ही जा बिनघोर."

कागद खिशात गेला तो गेलाच.

आताचा मंगळ त्यानं एका दिवसात उडवला. लाल मुरूम, दगडगोटे, धुरकट आभाळ. खाणीजवळचं माळरान डोळ्यांपुढं आणलं की झालं. खरी मजा दुसऱ्या अर्ध्या भिंतीत होती. तिथं त्यानं आधी पाणी काढलं. असं निळं, की लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली त्या साली ह्या भिंतीपुढं माणसं घागरी घेऊन उभी राहिली असती. पाणी काढून तो मागं सरला आणि त्याला बसवंत उस्तादाची आठवण झाली. नाटकाच्या पडद्यावर सीनरी रंगवताना उस्ताद सांगायचे, पाणी कधी एकटं काढू नको, पाण्याला कुणीतरी लागतं. म्हणजे तळं आलं की काठाला झाड, झाडाखाली झोपडी, झोपडीतून धूर, पाण्यात नाव, वर चार पाखरं. ह्या नियमानं त्यानं मराठवाड्यातल्या निम्म्या हॉटेलांच्या भिंती रंगवल्या होत्या. मंगळासाठी तो मोडायचं काही कारण त्याला दिसलं नाही.

नारळाची पाच झाडं त्यानं जीव ओतून काढली. एकाला शहाळ्यांचा घोस. खाली कौलारू घर. दोन बगळे. आणि हात चाललाच आहे म्हणून डोक्यावर घागर घेतलेली एक बाई, पाण्याकडं निघालेली.

शाळेत खिचडी शिजवणारी केवळाबाई सुट्टीतही झाडांना पाणी घालायला यायची. साठीची, कुंकवाच्या जागी गोंदण असलेली, बोलायला फटकळ बाई. ती झारी हातात धरून भिंतीपुढं बराच वेळ उभी राहिली.

"पेंटर, तिथं मान्सं होती व्हय?"

"होती की."

"लुगडं नेसायच्या?"

"मंग काय उघड्या फिरतील?" तो ब्रश पुसत म्हणाला. केवळाबाईला ते पटलं. सिद्धेश्वर सरही एकदा येऊन गेले. ते रंग कुठं सुटलाय का एवढंच बघायचे; काय काढलंय ते बघायची त्यांना सवय नव्हती. मॅडमचा फोन आला तर सरांनी त्यांनाही सांगितलं, एकदम झकास झालं, येऊन बघाच.

समितीच्या दिवशी निलंग्याहून येणारी एसटी उशिरा पोचली. महादेवी मॅडम फाट्यावरून धापा टाकत शाळेत शिरल्या, तेव्हा जीप दारात लागलेली होती, पोरं रांगेत उभी होती आणि मोहियोद्दीन पेंटरचा सत्कार चालू होता. गौसियानं इस्त्री केलेला पांढरा सदरा, खांद्यावर सरांनी घातलेली शाल, हातात नारळ. चाळीस वर्षांत त्याच्या खांद्यावर पहिल्यांदाच कुणी शाल घातली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग समितीचे मोठे साहेब भिंतीकडं वळले.

साहेबांनी वरून खाली बघितलं, डावीकडून उजवीकडं बघितलं आणि वाचलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: मंगळ, साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी. ते मात्र सिद्धेश्वर सरांकडून वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आणि नीट वाचून घेऊन रंगवलेलं होतं.

"हा मंगळ आहे की कोकण?" साहेब म्हणाले. सोबतचे हसले. "नारळ कुणी लावले तिथं? आणि ह्या बाई कुठल्या गल्लीतून पाण्याला निघाल्या?"

आता गावकरीही हसले, पोरं हसली. कशाला हसतोय ते निम्म्यांना कळलं नव्हतं. पेंटरच्या हातातला नारळ एकाएकी जड झाला. तो खाली ठेवावा तर सत्काराचा, धरून ठेवावा तर भिंतीवरच्या नारळांसारखाच तोही सगळ्यांना दिसत होता.

"पेंटर, हे तुमच्या मनानं काढलंत, की कुणी सांगितलं?"

साहेबांनी हे काही दरडावून विचारलं नव्हतं. सहज विचारलं होतं. मनानं काढलं म्हटलं असतं तर आणखी एकदा हशा झाला असता आणि माणसं चहाला गेली असती. पण मनानं म्हटलं की पुढचा सवाल येणार, मॅडमनी कागद दिला होता ना? मग वाचला नाही? तो सवाल त्याला साहेबांच्या तोंडावर येताना दिसला. त्याच्या जिभेनं त्याला न विचारता वाट काढली.

"मॅडमनी कागद दिलता साहेब. कागदात होतं तसं काढलं."

सगळ्यांच्या नजरा महादेवी मॅडमकडं गेल्या. त्यांच्या कपाळावर अजून प्रवासाचा घाम होता. त्यांनी भिंतीकडं पाहिलं, मग पेंटरकडं. कागद दाखवा, एवढे दोन शब्द त्यांनी म्हणायला हवे होते आणि पेंटर तेवढ्याचीच वाट बघत होता. त्या म्हणाल्या नाहीत.

"हो सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घाईत लिहिलं मी. माझंच काहीतरी चुकलं असेल."

साहेबांनी जाताना शेरेबहीत लिहिलं. शेरेबही म्हणजे आल्या-गेल्या अधिकाऱ्यांनी अभिप्राय लिहायची शाळेची वही. तिच्यात पडलेलं कुणाला खोडता येत नाही. सरांनी तो शेरा ऑफिसात मोठ्यानं वाचला. शिक्षकांनी विषयाचा पुरेसा अभ्यास करूनच भिंतींचे काम करून घ्यावे. पेंटर दाराबाहेर डबे आवरत होता, त्यानं तो ऐकला. एकदा ऐकलं की त्याला पाठ व्हायचंच, हाही पाठ झाला.

घरी गौसियानं शाल उलगडून पाहिली, पोत तपासला, नारळ हलवून पाणी किती आहे ते ऐकलं. "चटणी करूं क्या जी?" तिनं विचारलं. तो म्हणाला, नक्को. जेवणही नक्को म्हणाला. मग थोड्या वेळानं तिला सगळं सांगितलं. ती नारळाकडं बघत ऐकत राहिली आणि म्हणाली, "कागज में क्या लिखा है, देखे क्या?"

हीच तर गोम होती. कागदात काय आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणजे आपण खोटं बोललो असंही कशावरून? असेलही लिहिलेलं, झाडं काढा, घर काढा. शिकलेल्या माणसांचं काय सांगता येतं? दोन दिवस तो ह्या एका आशेला धरून बसला. पण आशा खरी करायची तर कागद कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागणार होता. झेरॉक्सवाल्याकडं न्यावा, तर त्याचा बोर्ड ह्यानंच रंगवलेला. शिंप्याकडं न्यावा तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या चाकुरात बभ्रा. उमैमाकडं न्यावा, तर तिच्या सासरी तोंड दाखवायची सोय राहिली नसती. खोटं बोललो का, हे कळायला आधी खरं सांगावं लागणार होतं, आणि तेच तर त्यानं जन्मभर टाळलं होतं. शुक्रवारी नमाजला तो मागच्या रांगेत उभा राहिला. माणसं निघून गेली तरी सजद्यातून त्याचं डोकं लवकर उठलं नाही.

रविवारी त्यानं लुना काढली आणि शाळेवर गेला. केवळाबाई स्वयंपाकाच्या शेडमध्ये सूप घेऊन तांदळातले खडे वेचत बसली होती. तिच्याकडं यायचं कारण होतं. मागच्या मार्चमध्ये ह्याच शाळेत मोठ्या माणसांची साक्षरतेची परीक्षा झाली होती आणि केवळाबाईनं नाकावर चष्मा ठेवून तीन तास पेपर लिहिला होता. पास झाल्याचा कागद तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवापाशी ठेवला होता. त्या वर्गाचा बोर्ड मोहियोद्दीननंच रंगवलेला. तेव्हा महादेवी मॅडम त्याला म्हणाल्या होत्या, चाचा, तुमच्या ओळखीत कुणी निरक्षर असेल तर पाठवा. आणि तो म्हणाला होता, माझ्या वळखीत तसलं कुणी न्हाई.

त्यानं खिशातून कागद काढला. इतक्या दिवसांच्या घामानं तो घडीवर मऊ पडला होता.

"केवळाबाई, एवढं जरा वाच. माझा चष्मा घरी..."

केवळाबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. चष्मा त्याच्या नाकावर होता. त्यानं तो उगीच काढला, सदऱ्याला पुसला आणि परत घातला.

"मला वाचता येत न्हाई," तो म्हणाला. सूप, चूल, तांदळाचं पोतं, सगळं आपल्याकडं बघतंय असं त्याला वाटलं.

ती हसेल, म्हणून त्यानं अंग चोरलं होतं. केवळाबाई हसली नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं, रांजणापाशी जाऊन हात धुतले, पदराला कोरडे केले आणि मग कागद हातात घेतला. "बस इथं," ती म्हणाली.

ती अक्षराखाली बोट ठेवून वाचू लागली. एकेक शब्द तिच्या तोंडातून जात्यातून पीठ पडावं तसा पडत होता.

"मो-हि-यो-द्दीन चा-चा, न-मस-कार. मंग-ळावर तेव्हा न-द्या होत्या. एका मो-ठ्या खड्-ड्यात तळं होतं. न-दी तळ्या-ला मि-ळते तिथं गाळ प-सर-लेला दाख-वा. डोंगर तांब-डे. सूर्य आप-ल्या सूर्या-पेक्षा ल-हान."

इथवर तिला घाम फुटला होता. पुढच्या ओळीपाशी मात्र तिची गाडी एकदम सुटली, कारण शब्द सोपे होते.

"झाड नको. गवत नको. पक्षी नको. घर नको. माणूस नको."

पेंटरनं मान खाली घातली. केवळाबाईनं भिंतीकडं नजर टाकली, पाच नारळ, बगळे, घागरवाली बाई सगळं तिथंच होतं. मग ती पुढं वाचू लागली. तिथं कुणी जिवंत होतं की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही, असं लिहिलं होतं. ते तिनं दोनदा वाचलं. एकदा कागदासाठी आणि एकदा स्वतःसाठी.

"मंजी येवढं पाणी," ती म्हणाली, "आन प्यायला कुणीच न्हाई?"

"अजून हाय का काही?"

"दोन वळी हायत." तिनं पुन्हा बोट ठेवलं. "मी हे पुस्-तकात वाचून लिहि-लं आहे. तुम्ही जाण-ते आहात. माझं का-ही चुक-लं असेल तर सां-गा."

माझं काही चुकलं असेल तर. हेच शब्द मॅडम त्या दिवशी साहेबांपुढं बोलल्या होत्या. त्यांना ते बोलावं लागलं ते त्याच्यामुळं, आणि कागदात त्यांनी ते आधीच, आदरानं, त्यालाच लिहून ठेवले होते. मोहियोद्दीनला वाटलं, आत्ता ह्या क्षणी इथून उठून लुनावर बसावं आणि चाकूरही मागं टाकून कुठंतरी निघून जावं. बोर्ड रंगवताना चुकलं तर रॉकेलच्या चिंधीनं पुसायचं असतं. हे कशानं पुसायचं ते त्याला कळेना.

तो उठला तो भिंतीपाशी गेला. डब्यात तांबडा रंग उरलेला होता. आधी त्यानं घागरवाली बाई पुसली, मग घर, मग बगळे. नारळाच्या झाडांपाशी हात थोडा अडला, शहाळ्यांचा घोस खरंच सुरेख जमला होता. तोही त्यानं एका फटक्यात डोंगराखाली गाडला. केवळाबाई मागून एकेक ओळ पुन्हा वाचून सांगत होती आणि तो काढत होता. गाळ पंख्यासारखा पसरला. सूर्य लहान झाला. पाणी तेवढं होतं तसं राहिलं.

संपल्यावर तो मागं सरला आणि त्याला पहिल्यांदा मंगळ दिसला. आधी त्यानं काढली होती ती हॉटेलाची भिंत होती. हे वेगळंच होतं. तांबड्या डोंगरातून नदी येते आहे, तळ्यात मिळते आहे, वारा सुटला तर लाट काठाला लागत असेल, आणि तो आवाज ऐकायला एक चिमणीसुद्धा नाही. असं किती वर्षं चाललं असेल? मग एक दिवस ते पाणीही गेलं, आणि ते गेलेलंही कुणी पाहिलं नाही. पाणी एकटं काढू नको, असं उस्ताद म्हणायचे. पण देवानं काढलं होतं ते असं. एवढी मोठी गोष्ट एका पोरीनं कागदावर लिहून त्याच्या हातात ठेवली होती आणि त्यानं तिच्यावर नारळ लावले होते.

सोमवारी प्रार्थना संपली तेव्हा तो पोरांपुढं उभा राहिला. सिद्धेश्वर सरांना वाटलं, काम नव्यानं केलं म्हणून चार शब्द बोलतोय. महादेवी मॅडम सातवीच्या रांगेमागं होत्या. चारपाच दिवसांत त्या पोरांकडं कमी आणि फळ्याकडं जास्त बघून शिकवत होत्या, असं केवळाबाईनं त्याला सांगितलं होतं.

"पोरांनो, ह्या भिंतीवर झाडं होती ती मी काढली होती," तो म्हणाला. "मॅडमनी कागदात नको म्हणून लिवलं होतं. मी कागद वाचलाच न्हाई. मला वाचता येत न्हाई. आन त्या दिवशी साहेबापुढं मी समदं मॅडमवर ढकललं. ते खोटं होतं."

पुढच्या रांगेतल्या पुनमनं, तिसरीतल्या चिमुरडीनं, हात वर केला. "मंग बोर्ड कसे लिवता तुम्ही?"

"बघून बघून," तो म्हणाला.

ती विचारात पडली. तिला बहुधा असं चालतं हे ठाऊकच नव्हतं. मोहियोद्दीननं तिसरीच्या त्या रांगेकडं पाहिलं आणि नजर जमिनीला लावली. तो शाळेतून उठून गेला होता तो ह्याच इयत्तेतून.

महादेवी मॅडम पुढं आल्या. त्या रागावतील, निदान चार शब्द सुनावतील, अशी त्याची अपेक्षा होती. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी त्याच्या हातातून कागद घेतला, उघडला आणि सावकाश वाचला.

"चाचा, मी रोज आठवत होते, मी नेमकं काय लिहिलं ते," त्या म्हणाल्या. "आईच्या दवाखान्याच्या गडबडीत लिहिलं होतं. परवापर्यंत तर मला वाटायला लागलं होतं, की झाडं काढा असं मीच लिहिलं असेल."

नजर चुकवायला भिंतीकडं बघावं, तर तिथंही पाणी एकटंच होतं.

"शेरेबही द्या सर," तो सिद्धेश्वर सरांना म्हणाला. "त्यात पडलंय ते मॅडमच्या नावावर पडलंय. खाली मला लिवू द्या."

सरांनी डोकं खाजवलं. शेरेबहीत अधिकारी लिहितात, पेंटर कधी लिहीत नाहीत, असलं काही नियमात नाही म्हणाले. महादेवी मॅडम ऑफिसात गेल्या आणि वही घेऊन आल्या. सर म्हणाले, बरं, मी मजकूर करून देतो, तुम्ही उतरवून काढा.

"न्हाई सर. उतरवून तर आजवर काढलंच की," तो म्हणाला. "केवळाबाई, तू अक्षर सांग."

केवळाबाई खिचडीची चूल सोडून आली. टेबलापाशी उभी राहून ती एकेक अक्षर बोलत गेली, तो अडला की बोटानं टेबलावर काढून दाखवत गेली, आणि तो एकेक काढत गेला. झ ला काना. ड वर टिंब. दारात पोरांची गर्दी झाली. साहेबांच्या शेऱ्याखाली दोन ओळी उमटायला पाऊण तास लागला. जन्मात त्यानं लाखो अक्षरं काढली होती, सगळी दुसऱ्यांची. स्वतःचं म्हणून लिहिलेलं हे पहिलंच.

"आता वाच," केवळाबाई म्हणाली आणि त्याचं बोट धरून पहिल्या अक्षराखाली ठेवलं.

"झा-डं मी का-ढ-ली," तो वाचू लागला. "मॅ-ड-म-नी न-को... नको लि-हि-लं होतं."

सिद्धेश्वर सर वहीवर वाकले. ओळ सरळ होती, वेलांटी डौलदार होती. त्यांना काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं असावं.

"पेंटर, अक्षर मात्र देखणं हाय बरं का," ते म्हणाले.

ह्याच वाक्यावर त्यानं चाळीस वर्षं मान ताठ ठेवली होती. आज ती वर होईना.